नवशिक्यांसाठी पेल एल (वय वर्षे २१ पूर्ण)

सर्वांत आधी परवाना काढा. विनोद नाही. महाराष्ट्रात बिअर प्यायला २१ वर्षं पूर्ण लागतात, कडक दारूला २५, आणि दोन्हींना सरकारी परवाना लागतो. एका दिवसाचा ५ रुपये, वर्षाचा १००, आजन्म १०००. हिशेब सोपा आहे: वर्षाचा परवाना काढत दहा वर्षांहून जास्त पिण्याचा बेत असेल तर आजन्मच घ्यावा. कायद्याच्या लेखी हा परवाना प्रकृती राखण्यासाठी दिला जातो. ही बाब घरी सांगून पाहायला हरकत नाही. आमच्याकडे चालली नाही.

परवाना खिशात आला की 'एक बिअर द्या' म्हणणं सोडा. यापुढे तुम्ही बिअर पीत नाही, टेस्ट करता. फरक असा, की पिणारा दोन ग्लासांनंतर बोलायला लागतो आणि टेस्ट करणारा ग्लास यायच्या आधीच सुरू झालेला असतो. तेव्हा बोलायला काहीतरी हाताशी हवं. घ्या लिहून.

एल ही बिअरचीच एक जात, आणि पेल म्हणजे फिकी. ग्लासात मात्र येते ती मधाच्या नाहीतर तांब्याच्या रंगाची, आणि नवशिका हळूच विचारतो, फिकी कुठाय? ती जुन्या काळ्याकुट्ट बिअरच्या मानाने फिकी. बिअरसाठी सातूला मोड आणून ते वाळवतात, भाजतात. त्याला माल्ट म्हणायचं. नाचणीसत्त्व करताना आई नेमकं हेच करायची, फक्त पुढे ते बाळाला मिळायचं. इंग्लंडात माल्ट लाकडाच्या आगीवर वाळवत, त्यामुळे तो काळवंडायचा आणि धुरकटायचा. सतराव्या शतकात कोक वापरात आला, आच आटोक्यात आली, धूर गेला आणि दाणा फिका राहिला. एवढीच त्या नावाची कथा.

पण तुमच्या टेबलावर एक जण असतोच, जो म्हणतो, "तुला इंडिया पेल एलची स्टोरी माहितीये?" त्याला थांबवता येत नाही. तो सांगणार, की हिंदुस्थानातल्या गोऱ्या साहेबांपर्यंत बिअर टिकेना, म्हणून कोणा हुशार माणसाने तिच्यात हॉप्स नावाची कडू फुलं ठासून भरली आणि हा प्रकार जन्माला आला. सांगू द्या. मग सावकाश घोट घेऊन म्हणा, की काळी पोर्टर बिअरसुद्धा त्याच जहाजांतून येत होती आणि बऱ्यापैकी टिकत होती, आणि हॉप्स जास्त घातले की बिअर टिकते हे इंग्लंडला आधीच ठाऊक होतं. ही बिअर हिंदुस्थानात धाडणाऱ्या जॉर्ज हॉजसनची भट्टी लंडनजवळच्या बो गावात, ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या धक्क्यापासून जवळ, आणि कप्तानांना तो अठरा महिन्यांची उधारी द्यायचा. म्हणजे खरा शोध हॉप्सचा नव्हता, खातेवहीचा होता. हे ऐकून टेबलावरचा प्रत्येक मराठी माणूस मान डोलावतो.

पुढे १८२२च्या सुमारास इंग्लंडातल्याच बर्टन गावच्या ऑलसॉप या भट्टीवाल्याने हिंदुस्थानात बिअर धाडण्याचा हा धंदा हॉजसनच्या हातून ओढायला सुरुवात केली. बर्टनचं पाणी जिप्समचं. हाड मोडल्यावर ज्याचं प्लास्टर घालतात तेच जिप्सम. त्यातल्या सल्फेटमुळे कडवटपणा रेंगाळत नाही, लख्ख उमटतो. बर्टनच्याच बास कंपनीचा लाल त्रिकोण ब्रिटनमधला पहिला नोंदणीकृत ट्रेडमार्क, १ जानेवारी १८७६. माने या फ्रेंच चित्रकाराने १८८२ साली रंगवलेल्या बारच्या प्रसिद्ध चित्रात तो त्रिकोण बाटलीवर स्पष्ट दिसतो. ही माहिती तिसऱ्या ग्लासासाठी राखून ठेवा.

महाराष्ट्राचा संबंध दाखवायचा असेल तर त्याहून चांगली गोष्ट आपल्याकडे आहे. पुण्यात २००९ साली डूलाली नावाची मायक्रोब्रुअरी निघाली, देशातल्या अगदी पहिल्या मोजक्यांपैकी. डूलाली म्हणजे आपली नाशिकजवळची देवळाली. तिथल्या छावणीत गोरे सोल्जर मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत महिनोन्‌महिने कुजायचे आणि त्यांचं डोकं फिरायचं. त्याला ते 'डूलाली टॅप' म्हणू लागले. टॅप म्हणजे नळ नव्हे. टॅप म्हणजे ताप. आज त्याच नावाच्या टॅपरूममध्ये नळातून बिअर येते आणि शनिवारी रात्री जागा मिळेपर्यंत वाट बघत माणसं तशीच उभी असतात.

आता प्रत्यक्ष चाखणं. लाकडी फळीवर चार छोटे ग्लास येतात. फोटो काढा. आणखी एक काढा. बिअरच्या परीक्षकांची अमेरिकेत १९८५ साली सुरू झालेली एक संस्था आहे, तिच्या गुणपत्रिकेत ५० गुण असतात: वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते याला ५ आणि एकंदर १०. दिसण्याला तीन. तरी आपली निम्मी संध्याकाळ त्या तीन गुणांवर खर्च होते आणि तोवर फेस बसतो.

ग्लास बर्फगार असेल तर थोडा वेळ थांबा. फार थंडीत जीभ बधिर होते आणि वास वर येत नाही. आपल्याकडे 'चिल्ड आहे ना?' हा एकच निकष चालत आलाय, त्यामागे शहाणपण होतं असा माझा संशय आहे, कारण बऱ्याच बिअरी गार असताना जेवढ्या बऱ्या लागतात तेवढ्या पुन्हा कधी लागत नाहीत. पेल एल साधारण सात ते दहा अंशांवर उलगडते.

मग नाक घाला आणि इथे खरी पंचाईत सुरू होते. कार्डावर लिहिलेलं असतं: ग्रेपफ्रूट, पाइन, बिस्किट. आमच्या टेबलावरच्या चौघांनी एकदा यावर अर्धा तास वाद घातला. एकाला ग्रेपफ्रूट लागलं, दुसऱ्याला 'रेझिनस पाइन' लागलं. मी विचारलं, ग्रेपफ्रूट शेवटचं कधी खाल्लंस? तो म्हणाला, खाल्लं नाही, पण येतोय वास. बँकेत कर्ज मंजूर करणारा माणूस आहे.

ग्रेपफ्रूट इथे येतं ते कॅस्केड नावाच्या अमेरिकन हॉप्समुळे. कॅस्केड १९७२ साली लागवडीला खुला झाला. कॅलिफोर्नियातल्या चिको गावी केन ग्रॉसमनने दूध डेअरीची जुनी भांडी जोडून सिएरा नेवाडा ही भट्टी उभी केली आणि १९८०पासून त्याच कॅस्केडची पेल एल काढली. पहिले काही घाणे मनासारखे उतरेनात म्हणून त्याने ओतून दिले. अमेरिकन पेल एल म्हणून आज जगभर जे बनतं, त्यातल्या बऱ्याचशाचं मूळ तिथे आहे. त्यांच्याकडे न्याहारीला ग्रेपफ्रूट असतं, म्हणून त्यांनी ग्रेपफ्रूट लिहिलं. तुम्ही पपनस लिहा. गणपतीत पपनसाचं जाड साल सोलताना बोटांना जो कडसर, तेलकट वास लागतो आणि हात धुऊनही राहतो, तो आणि हा जवळजवळ एकच. बिस्किट म्हणजे भाजलेली कणीक. पाइनच्या जागी मी धूप लिहितो. निदान मला काय म्हणायचंय ते मला कळतं.

कडूची तर आपल्याला शिकवणीच नको. पाडव्याला कडुनिंबाचा पाला चावून वर्ष सुरू करणारी आपण माणसं. कार्डावर आयबीयू नावाचा आकडा असतो. लिटरमागे साधारण एक मिलिग्रॅम हॉप्सचं कडू आम्ल म्हणजे एक आयबीयू. पेल एल बहुधा तीस ते पन्नासमध्ये. पण आकडा बघून घाबरू नका, शेखीही मिरवू नका. कारल्याच्या भाजीत गूळ पडला की कारलं कमी कडू होत नाही, कडूपणा बसता होतो. माल्टचा गोडवा तेच काम करतो. गूळ कमी पडलेली पेल एल ओळखायला घरच्या स्वयंपाकाचा अनुभव पुरतो.

चखण्याविषयी थोडक्यात: तिखट मागवू नका. हॉप्सचा कडूपणा आणि मिरची एकमेकांना चढवतात. पुस्तकं साधा पाव आणि पाणी घ्यायला सांगतात. कांदा, लिंबू, चाट मसाला घातलेल्या शेंगदाण्यांची बशी समोर असताना साधा पाव खाणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही, आणि पाहिला तर त्याच्याशी मैत्री करणार नाही.

दोष ओळखता आले की तुम्ही नवशिके राहिला नाहीत. लोण्याचा वास म्हणजे आंबणं पुरतं झालेलं नाही. उकडलेल्या कणसाचा वास म्हणजे उकळण्यात घाई. हिरवं सफरचंद म्हणजे बिअर अजून कच्ची. ओला पुठ्ठा म्हणजे हवा लागली, शिळी झाली. म्हणून लेबलावर आधी तारीख बघा. हॉप्सचा वास काही आठवड्यांतच उतरायला लागतो. एका ठिकाणी (नाव सांगत नाही) पहिल्याच घोटाला अस्सल लोणी आलं. वेटरला बोलावून सांगितलं. तो प्रेमाने म्हणाला, "सर, क्राफ्ट आहे, अशीच असते." यावर उत्तर नाही. मी तीस गुण दिले आणि पाव मागवला.

आणखी एक दोष उन्हाचा. प्रकाशाने हॉप्समधली कडू द्रव्यं फुटतात आणि गंधकाचा एक घाण वास तयार होतो. इंग्रजी पुस्तकं त्याला स्कंकचा वास म्हणतात. स्कंक हा प्राणी सह्याद्रीत नसतो, त्यामुळे जळक्या रबरावर लसणाची फोडणी अशी कल्पना करा. हिरव्या आणि पांढऱ्या काचेत हे लवकर होतं, तपकिरी काच बराच उजेड अडवते.

आता माझ्या वहीतल्या सगळ्यात चांगल्या शेऱ्याविषयी. तो माझा नाही. मागच्या उन्हाळ्यात आत्या चार दिवस राहायला आली होती. वय ७८, आयुष्यात थेंब घेतलेला नाही. मी रविवारी दुपारी पेल एलची बाटली फोडली, ग्लास फिरवला, डोळे मिटून नाक घातलं, वहीत 'आंबा? अननस?' असं लिहिलं. ती लोणच्याची कैरी चिरत होती. म्हणाली, "आण बघू इकडे." चष्मा वर करून तिने एकदाच हुंगलं.

"आंबेहळद आहे रे ही. ओली, नुकती किसलेली."

मी पुन्हा नाक घातलं. आंबाही नाही, अननसही नाही. ओली आंबेहळद. हॉप्सच्या तेलात मायर्सिन नावाचं एक द्रव्य भरपूर असतं, आणि तेच कैरीत असतं, आंबेहळदीत तर खूपच. हे मला पुस्तकात वाचायला लागलं होतं. तिचे हात कैरीने चिकट झाले होते.

"किती मार्क देशील, आत्या? पन्नासपैकी?"

"तिला कशाला मार्क? ती काय दहावीला बसलीय?" मग जरा थांबून, "वास चांगलाय. एवढं कडू कशाला करतात पण?"

मी बर्टनचं पाणी, हॉजसनची उधारी, सगळं सांगितलं. तिने सांगू दिलं. चौथ्या दिवशी निघताना तिने रिकामी बाटली घासून, वाळवून पिशवीत घातली. एरंडेल ठेवायला तपकिरी बाटलीच बरी, म्हणाली, उजेड लागत नाही. आता ती तिच्या देवघराच्या कोनाड्यात आहे, चिंधीचं बूच लावलेली, लेबल तसंच.