नवरी निळी की पाहुणे पिवळे

मंगल कार्यालयातले दिवे कोण निवडतं, हे मला अजून कळलेलं नाही. छताच्या कडेने पिवळ्या एलईडी, मधोमध झुंबर, पंगतीवर ट्यूबलाइट, स्टेजवर डेकोरेटरचे जांभळे पार लाइट आणि नवरदेवाच्या तोंडावर व्हिडिओवाल्याने रोखलेला त्याचा खासगी सूर्य. यात आपण फ्लॅश मारायचा आणि पांढरं ते पांढरं दाखवायचं.

फ्लॅशचा उजेड साधारण 5500 केल्विनचा, म्हणजे भर दुपारचा. पिवळे दिवे 3000 च्या आसपास. कॅमेऱ्याला एका फोटोत व्हाइट बॅलन्स मात्र एकच लावता येतो. फ्लॅशचा लावला तर नवरी बरोबर, मागचे पाहुणे पिवळे. दिव्यांचा लावला तर पाहुणे बरोबर, नवरी निळी. बिल नवरीचे वडील देणार असल्याने हा प्रश्न फार काळ शास्त्राचा राहत नाही. तरी निशिगंधाचा हार फसवतोच: पुढची फुलं पांढरी, खांद्यामागे गेलेली पिवळट. दोरा एकच.

उपाय आहेत, ते सगळ्यांना माहीत असतात. शटरचा वेग वाढवला की हॉलचा उजेड मरतो आणि फ्लॅशचा तेवढा उरतो; पण डेकोरेशनला एवढे पैसे मोजल्यावर मागे काळोख कोणाला चालेल? छतावर फ्लॅश मारला की उजेड मऊ पडतो. छत पिस्ता रंगाचं असेल तर वऱ्हाडही पिस्ता होतं. खरा उपाय फ्लॅशवर नारिंगी जेल लावण्याचा. फ्लॅश दिव्यांच्या रंगाला येतो, कॅमेरा 3200 वर ठेवायचा, भांडण मिटतं. जेल जवळजवळ निम्मा उजेड खातं, ते सोसता येतं. पण दर लग्नात एक काका येऊन विचारतात, “फ्लॅशला चॉकलेटचा कागद का चिकटवलाय?” समजावून सांगेपर्यंत मंगलाष्टकं संपतात. ट्यूबलाइटला परत हिरवं जेल. जांभळ्या पार लाइटला काहीच नाही. जांभळ्याला केल्विन नसतो.

ऑटोवर ठेवा, म्हणतात. हळदीला ठेवून बघा. पिवळी साडी, पिवळी तोंडं, झेंडूच्या माळा. कॅमेऱ्याला वाटतं दिवाच पिवळा आहे, आणि तो इमानेइतबारे पिवळा कमी करत सुटतो. घरच्यांनी तासभर चोळलेली हळद फोटोत निघून जाते. मग ग्रे कार्ड धरावं, तर गुरुजी विचारतात, “शुभकार्यात हे करडं काय आणलंत?” ते कार्ड 18 टक्के उजेड परत फेकतं, हे त्यांच्या पोथीत नाही.

“रॉ मध्ये काढा, नंतर सुधारता येतं,” हा सल्ला देणारा भाचा प्रत्येक घरात असतो. रॉ मध्ये अख्खा फोटो निळा किंवा अख्खा पिवळा करण्याचं पूर्ण स्वातंत्र्य मिळतं. नवरी आणि पाहुणे वेगळे करायचे तर रात्रभर एकेक चेहरा माऊसने कोरत बसावं लागतं. भाचा तेव्हा झोपलेला असतो.

एवढं करून अल्बमचे नमुने पाठवले की नवरदेवाच्या आईचा फोन येतो. फोटो छान आहेत, पण भाच्याने मोबाइलवर काढलेला जास्त ‘नॅचरल’ वाटतो. त्यात हिरवा चुडा मोरपंखी दिसतो आणि गुरुजी जांभळे. कव्हरवर तोच घ्यायचं ठरलंय. मी फक्त तो मोठा करून द्यायचा आहे.