श्रीमती तीनचाकीबाई यांस

श्रीमती तीनचाकीबाई,
मु. आमच्या दारात, आम्स्टलव्हेन, हॉलंड

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, पुढच्या वर्षी आम्ही पुण्याला परत जातोय आणि ‘हिलाही कंटेनरमध्ये घालून नेऊ या,’ असं काल रात्री आमचे हे म्हणाले. तुम्ही दारातच चार्जिंगला होतात, ऐकलंच असेल. इतक्यात हुरळू नका.

तुमचं घराणं मोठं, कबूल. तुमच्या आज्या-पणज्या इथल्या बेकरांचे पाव नि खाटकांचं मटण वाहायच्या. पुढे मोटारी आल्या आणि त्या अडगळीत गेल्या. मग 1984 मध्ये कोपनहेगनच्या ख्रिश्चानियात, म्हणजे मोटारींना मज्जाव असलेल्या वस्तीत, पुन्हा पुढे पेटीवाली तीनचाकी सायकल बांधली गेली. हळूहळू पावाच्या जागी पोरं बसली. आता तर तुम्हाला बॅटरीही आली. पण मोटर 250 वॅटची, तीही मी पायडल मारलं तरच चालणार, आणि ताशी 25 किलोमीटरला अंग काढून घेणार. समोरून वारा सुटला की बैल कोण ते माझ्या मांड्यांना विचारा. (या देशात चढ नाहीत म्हणतात. वारा मोजत नसावेत.)

परवा शाळेला उशीर झाला म्हणून कोपऱ्यावर जरा जोरात वळवलं, तर तुमचं आतलं चाक चक्क हवेत. दुचाकी वळताना कलते, तुम्ही ताठ. पट्ट्यात बांधलेली दोन्ही पोरं ‘परत! परत!’ म्हणून ओरडत होती, आणि माझ्या तोंडाला कोरड पडली होती.

तरी तुमचा तोरा मी ऐकून घेतला असता. पण पुण्याहून आई आली. बाजारातून येताना पाऊस लागला, म्हणून तिला पेटीत बसवून वर प्लास्टिकचा तंबू ओढला. मांडीवर पर्स आवळलेली, शेजारी फ्लॉवरचा गड्डा. ‘अगं, मला भाजीबरोबर नेतेस की भाजीला माझ्याबरोबर?’ तेवढ्यात चौकात एक अवाढव्य ट्रक आमच्यासाठी थांबला. आईने तंबूतून ड्रायव्हरला हात जोडले आणि मला हळूच विचारलं, ‘ओळखीचा आहे का गं?’

बाई, तो ट्रक तुमच्यासाठी थांबला असं तुम्हाला वाटतं ना? 1971 मध्ये याच देशात रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यात चारशेहून जास्त मुलं होती. त्यानंतर आईबाप ‘मुलांची हत्या थांबवा’ म्हणत रस्त्यावर उतरले. 1973 मध्ये तेल अडलं आणि रविवारी मोटारी बंद ठेवाव्या लागल्या. सायकलींच्या वेगळ्या वाटा, त्यांवरचं लाल डांबर, चौकात गाड्यांना थांबायला लावणारे पांढरे त्रिकोण हे पुढे वर्षानुवर्षं भांडून मिळवलेलं. तुम्ही तेव्हा अडगळीत होतात. आयत्या बिळावर नागोबा!

आमच्या पुण्यात सायकल ट्रॅक आहेत. त्यांवर वडापावची गाडी, विजेची डीपी, उभ्या केलेल्या बाइक आणि उलट्या दिशेने येणारे काकाही आहेत. तुमच्या रुंदीचं तिथे काय होणार? तुमच्याकडे हत्यार एकच, ती टिंग टिंग घंटी. ती ऐकून पीएमपीची बस बाजूला होईल? तिथे पोरं नेण्याचं शास्त्र आम्हाला तुमच्याआधीपासून येतं. मी स्वतः बाबांच्या स्कूटरवर पुढे उभी राहून, आरशाची दांडी धरून वाढले. शाळेच्या रिक्षात दप्तरं बाहेर लटकतात आणि एक पोर रिक्षावाल्या काकांच्या मांडीला खेटून बसतं. सुरक्षित? छे. पण त्या पोराची आईही माझ्यासारखीच रोज सकाळी घड्याळ बघत असते, एवढं समजून घ्या.

तेव्हा तुम्हाला इथेच विकावं, असं माझं मत. शनिवारी एक जोडपं बघायला येतंय. पेटीच्या फटीतली पार्ले-जीची भुकटी तेवढी झाडून घेईन.

आईला मात्र फोनवर हे पटलं नाही. ‘आण की गं,’ म्हणाली, ‘पार्किंगमध्ये ठेवू. पेटीत कढीपत्ता छान येईल.’

कळावे, लोभ असावा.

आपली,
मांड्या भरून आलेली सारथी