जागतिक राजकारण: घरगुती ग्रुपसाठी पहिले धडे

अभिनंदन! तुम्हाला न विचारता कुणीतरी ‘समस्त परिवार’ नावाच्या ग्रुपात घातलं आहे. निम्मे सदस्य तुम्हाला ओळखू येत नाहीत, पण इराणचं काय करावं हे त्या सगळ्यांना ठाऊक आहे. आता मत मांडणं तुम्हालाही भाग आहे. चार दिवस गप्प राहिलात तर आत्या फोन करून विचारतील, “तब्येत बरी आहे ना रे?” ही पुस्तिका अशा नवशिक्यांसाठी आहे. पूर्वज्ञानाची अट नाही. ते असलंच तर त्याचं काय करायचं, हे सातव्या धड्यात येईल.

धडा १: भूगोल

नकाशा उघडू नये. नकाशा पाहिला की शंका येतात. होर्मुझची सामुद्रधुनी कुठे आहे हे समजलेला माणूस “पण तिकडून आपलंही तेल येतं” असं पुटपुटतो आणि चांगला चाललेला वाद थंड पडतो. त्यापेक्षा चार वाक्यं पाठ करा. “यामागे मोठा गेम आहे.” “चीन गप्प बसलाय, यातच सगळं आलं.” “इस्रायलकडून शिका.” “मी हे तेव्हाच म्हटलं होतं.” ही वाक्यं कोणत्याही संकटाला लागू पडतात, अगदी कालव्यात अडकलेल्या जहाजालाही. २३ मार्च २०२१ रोजी ‘एव्हर गिव्हन’ सुएझमध्ये आडवं झालं आणि २९ तारखेला सुटलं. ज्यांना सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी मागे घेताना वॉचमन लागतो, त्यांनी त्या सहा दिवसांत चारशे मीटरचं जहाज कसं वळवावं हे जगाला सांगितलं. जहाजावरचे सगळे पंचवीस कर्मचारी भारतीय आहेत हे कळल्यावर “कप्तानाला हाकला” म्हणणाऱ्यांनी कालव्यातून जहाजांना वाट दाखवणाऱ्या इजिप्तच्या पायलटांकडे बोट वळवलं. अशी कलाटणी एका श्वासात घेता आली पाहिजे. तिचा सराव करा.

धडा २: पुरावा

पुरावा म्हणजे व्हिडिओ. तो रात्रीचा असावा, हललेला असावा, आकाशात ठिपके उडावेत आणि वर लाल अक्षरांत ‘टीव्हीवाले हे दाखवणार नाहीत’ असं लिहिलेलं असावं. ‘आर्मा ३’ या व्हिडिओ गेममधली दृश्यं युक्रेनच्या युद्धातली म्हणून इतकी फिरली की, हा गेम बनवणाऱ्या चेक कंपनीला नोव्हेंबर २०२२ मध्ये निवेदन काढून ती कशी ओळखावीत हे सांगावं लागलं. दृश्य अंधुक आणि अंधारातलं असणं, कॅमेरा थरथरणं, माणसं हलताना न दिसणं या त्यांनी सांगितलेल्या खुणा. म्हणजे चांगल्या पुराव्याची आपली व्याख्याच जवळजवळ. पुढे गाझाच्या वेळी आणि मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षातही गेममधल्या विमानांनी पुन्हा उड्डाण केलं. एखादा नातू “आजोबा, हा गेम आहे, मी रोज खेळतो” असं म्हणाला, तर त्यावर एकच शास्त्रशुद्ध उत्तर आहे: “म्हणूनच मार्क कमी पडतात.”

धडा ३: माध्यमांवरचा विश्वास

“सगळा मीडिया विकला गेलाय” हे वाक्य रोज एकदा लिहावं. त्याखाली आपल्याला पटलेल्या बातमीचं कात्रण लावावं, अर्थात त्याच मीडियातलं.

अविश्वासाला कारणं कमी नाहीत, आणि ती आयती मिळतात. ८ मे २०२५ च्या रात्री काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या बातम्या चालवल्या. सकाळी बंदर जागच्या जागी होतं. पण या अनुभवावरून “यापुढे दोन ठिकाणी वाचून मगच बोलू” असा निष्कर्ष काढणं ही नवशिक्यांची चूक आहे. योग्य निष्कर्ष असा: वाहिन्या खोटं बोलतात, म्हणून मेव्हण्याचा सैन्यातला मित्र खरं बोलतो.

बनावट कात्रणांना घाबरू नका. ‘एव्हर गिव्हन’ अडकलं तेव्हा इजिप्तच्या पहिल्या महिला जहाज-कप्तान मारवा एल्सेलेहदार यांनीच ते अडकवलं, अशी ‘अरब न्यूज’ची बातमी जगभर फिरली. ती बातमी बनावट होती, आणि मारवा त्या वेळी शेकडो किलोमीटरवर, अलेक्झांड्रियात, दुसऱ्याच जहाजावर काम करत होत्या. पण खुलाशाला गती नसते. शिवाय “बायकांच्या हातात स्टिअरिंग” हा विनोद तयारच होता, फक्त बातमी यायची राहिली होती.

आता या विद्येचं मर्म सांगतो. ग्रुपात बातमी कुणी तपासत नाही, पाठवणारा तपासतात. थोरल्या काकांनी पाठवलं तर ती माहिती. धाकट्या जावयांनी तेच पाठवलं तर “लिंक कुठाय?” त्यामुळे युक्रेनवरच्या वादात रशिया किती आणि वाटणीच्या वेळचं घराचं भांडण किती, हे आधी ओळखायला शिका. काकांना विरोध म्हणजे पुतिनला विरोध नव्हे. तो पुढच्या लग्नातल्या मानपानाचा प्रश्न असतो.

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केलं, म्हणून तो दिवस पत्रकार दिन. त्या दिवशी “निर्भीड लेखणीला सलाम” असा संदेश न चुकता पाठवावा. घरचं वर्तमानपत्र मात्र बंद करावं, कारण हल्ली रद्दीला भाव राहिलेला नाही.

धडा ४: वजनदार नावं

स्वतःचं मत स्वतःच्या नावावर टाकू नये. पु. ल. देशपांडे २००० साली गेले आणि व्हॉट्सअ‍ॅप २००९ साली आलं, तरी त्यांचं लेखन अखंड चालू आहे, आणि दिवसेंदिवस त्यात सुविचार वाढत आहेत. जिवंत माणसाचं नाव वापरण्यात धोका असतो. एप्रिल २०२० मध्ये अर्थव्यवस्थेवरचा एक प्रेरक उतारा रतन टाटांच्या नावावर फिरला, तेव्हा त्यांनी स्वतःच सांगितलं की हे आपण बोललो नाही आणि लिहिलंही नाही. संस्थांमध्ये युनेस्को सर्वांत सोयीची. आपल्या राष्ट्रगीताला तिने जगात सर्वोत्कृष्ट ठरवल्याचं गेली कित्येक वर्षं आपण तिला कळवत आहोत. तिने नकार दिला, पण आपण मन मोठं केलं आहे.

धडा ५: दोन बाण

संदेशावर दोन बाण आणि ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’ अशी खूण दिसली, तर तो बराच हिंडून आलेला आहे. असा संदेश एप्रिल २०२० पासून एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो. त्याआधी, जुलै २०१८ मध्ये, भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पाठवण्याची मर्यादा आली. पुष्कळ जण तिला कंपनीचा आगाऊपणा समजतात.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात पाच माणसांना जमावाने मारून टाकलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे होते. मुलं पळवणारी टोळी आल्याचे संदेश त्या दिवसांत मोबाइलवरून फिरत होते. “खरं-खोटं माहीत नाही, पण सावध राहिलेलं बरं” असं म्हणून ते पुढे पाठवणारे आपल्यासारखेच, घरातल्या लेकरांची काळजी असलेले लोक होते.

या धड्यावर गृहपाठ नाही.

धडा ६: संस्कृतीकडे वळणे

युद्ध अंगाशी आलं की विषय संस्कृतीवर न्यावा. त्यासाठी एकादशी उत्तम. “पिझ्झा-बर्गरवाल्यांनो, आपली साबुदाण्याची खिचडी बघा, हजारो वर्षांची परंपरा!” असं लिहून बशीचा फोटो टाकावा. इथे एक खबरदारी घ्या. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, बटाटा आणि शेंगदाणा हे तिघंही मूळचे दक्षिण अमेरिकेतले. मिरचीही अमेरिका खंडातलीच. युरोपीय जहाजांच्या वाटेने हे सगळं आपल्याकडे आलं, त्यामुळे ज्ञानेश्वरांच्या काळी आळंदीत ही खिचडी शिजणं शक्यच नव्हतं. उपवासाच्या ताटात परदेशी नाही असं पाहू गेलं तर वरी आणि तूप उरतं. हे ज्ञान कुणी ग्रुपात मांडलं, तर “तुम्हाला आपल्याच गोष्टी का खटकतात?” असं विचारावं. बिचारा फक्त खिचडीबद्दल बोलत होता, पण आता त्याला देशभक्ती सिद्ध करावी लागेल.

धडा ७: जाणकारांचा बंदोबस्त

प्रत्येक ग्रुपात एक-दोन माणसं अशी असतात, ज्यांना विषय खरोखर माहीत असतो. सुदैवाने ती बोलत नाहीत.

समजा, तुमच्या ग्रुपात नाशिककडचे मामा आहेत. त्यांची द्राक्षं युरोपला जातात. २०२३ च्या अखेरीस येमेनच्या हूथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले आणि पुढच्या हंगामात द्राक्षांचे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागले. भाडं वाढलं, वाटेत जवळपास दोन आठवडे जास्त जाऊ लागले, आणि द्राक्ष हे काही वाट पाहणारं फळ नाही. येमेनमधलं राजकारण कोणत्या दराने पिंपळगावपर्यंत पोचतं, हे मामा रुपये-पैशांत सांगू शकले असते. त्याच वेळी ग्रुपात हूथींना कसं संपवावं यावर एकशे चाळीस संदेश पडले. मामांनी फक्त एकदा “जय श्रीराम, शुभ रात्री” लिहिलं.

किंवा वहिनी घ्या. घरच्या फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या. २०२२ मध्ये युक्रेनचं सूर्यफूल तेल अडलं, मग २८ एप्रिलला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली आणि २३ मेला पुन्हा सोडली. या दोन्ही घटना वहिनींना तेलाच्या डब्याच्या भावावरून कळल्या, आणि तो भाव त्यांनी चकलीत कसा बसवला हे त्यांनाच ठाऊक. त्यांना ग्रुपात कुणी विचारलं नाही. “वहिनी, चिवडा मस्त झालाय” एवढं मात्र सगळ्यांनी लिहिलं.

अशा माणसांशी वागण्याचा नियम सोपा आहे: त्यांना प्रश्न विचारू नये. प्रश्न विचारला की उत्तर येतं. उत्तर आलं की ते थोडं गुंतागुंतीचं निघतं. मग काकांना राग येत नाही, जावयांना चेव चढत नाही, आणि ग्रुप कशासाठी आहे हेच कुणाला आठवेनासं होतं.

स्वाध्याय

प्र. १. रिकाम्या जागा भरा: “या सगळ्यामागे ______चा हात आहे.” (कोणताही देश चालेल. शेजारचा असल्यास अर्धा गुण जास्त.)

प्र. २. चूक की बरोबर ते सांगा: “बातमी खोटी असेल, पण भावना खरी आहे.”

प्र. ३. कारणे लिहा: मामांनी ग्रुप म्यूट केला आहे, पण सोडलेला नाही.

प्र. ४. प्रात्यक्षिक (गुण २०): भर वादात “हे मला माहीत नव्हतं, जरा सविस्तर सांगाल का?” असे लिहा. पुढील दहा मिनिटांत कोणाकोणाचे खासगी फोन येतात त्याची नोंद करा. प्रयोग स्वतःच्या जबाबदारीवर करावा.