ओळखीची खूण

माझ्या सेवापुस्तकात ओळखचिन्हापुढे 'पाठीवर काळा तीळ' असं लिहिलंय. स्वतःची पाठ मी कधी पाहिली नव्हती. आईनं सांगितलं, मी लिहिलं. पाठीवर तीळ म्हणजे भाग्य, असंही ती म्हणायची. त्या भाग्याच्या जोरावर मी वीस वर्षं सीएसएमटीला उभ्यानं गेलो. लोकल पनवेललाच सुरू होते, तरीही.

परवा पाठीला बाम चोळता चोळता बायको थबकली. "अहो, तिळाला भोक असतं का?" उत्तराची वाट न बघता तिनं केसांतला आकडा काढला आणि दाबलं. आतून तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी निघालं. टोक काळं, बाकी पिवळट. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण माझ्यामुळे ती एवढी खूश झालेली पहिल्यांदाच पाहिली.

दोन महिन्यांत भोक पुन्हा भरलं. आकडा पुन्हा निघाला. या वेळी मात्र पाठ सुजली आणि आम्ही मुकाट्यानं त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

त्यांनी भिंगातून पाहिलं आणि तिळाचं बारसं केलं: 'डायलेटेड पोअर ऑफ वायनर'. वायनर नावाच्या डॉक्टरांनी १९५४ साली याचं वर्णन केलं. थोडक्यात, रुंद तोंडाचा, दांडगा ब्लॅकहेड. बायकोनं लगेच माझ्या आंघोळीचा विषय काढला, तेव्हा बाई म्हणाल्या, "काळं दिसतं तो मळ नाही. आतल्या रंगद्रव्याला हवा लागली की ते काळवंडतं." हे वाक्य मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

बाकी प्रकार पनवेलकराला समजावून सांगावा लागत नाही. मुंबई-गोवा महामार्ग आमच्या दारातून सुरू होतो. तोंडावर येतो तोही मुरूम आणि गणपतीआधी खड्ड्यात टाकतात तोही मुरूम. फरक इतकाच, की रस्त्यावरचा खड्डा भरलेला राहत नाही आणि माझा रिकामा राहत नव्हता. खड्ड्याचं अस्तरच आत माल तयार करतं. ते काढल्याशिवाय कितीही उपसा, व्यर्थ. साध्या ब्लॅकहेडला सॅलिसिलिक ॲसिड, ॲडापलीनचं मलम चालतं; इथं भूल देऊन, छोट्या गोल पात्यानं अस्तरासकट काढून टाका घालायचा. काढलेला तुकडा तपासायला पाठवला, कारण असा ठिपका वाढू लागला, रक्ताळला किंवा जखम भरेना, तर ते दुखणं वेगळं असू शकतं. माझा निर्दोष निघाला.

दहा मिनिटांचं काम. बायको बाहेर हिरमुसून बसली होती.

आता पाठीवर एका टाक्याचा व्रण आहे. सेवापुस्तकात मात्र अजून तीळच आहे. दुरुस्तीसाठी अर्ज केला, तर पुरावा म्हणून तीळ सोबत जोडा म्हणाले.