ब्रुकलिनकराची फिर्याद

न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन या विभागात १९४१ पासून १९५७ पर्यंत एका विशिष्ट जातीचा गृहस्थ विपुल प्रमाणात आढळत असे. तो गोदीत ओझी वाहणारा असो, न्हावी असो वा नामांकित वकील असो, पोटाचा उद्योग त्याच्या लेखी दुय्यमच. डॉजर्स नावाच्या बेसबॉल-संघात कवडीची भागीदारी नसताना त्या संघाची संपूर्ण मालकी वाहणे हा त्याचा खरा व्यवसाय होता. या संघास तो प्रेमाने 'आमचे भणंग' म्हणे, आणि परक्याने तोच शब्द उच्चारला तर हातघाईवर येण्यास मागेपुढे पाहत नसे. एबेट्स फील्ड या त्याच्या चिमुकल्या मैदानात हिल्डा चेस्टर नावाची बाई गाईच्या गळ्यातील घंटा बडवून अखिल प्रतिपक्षाला त्राही भगवान करून सोडी, आणि प्रेक्षकांचा एक बेसूर वाद्यवृंद, पंच मैदानात उतरताच, तीन आंधळ्या उंदरांच्या बालगीताची चाल वाजवून त्यांच्या दृष्टीविषयीचे सार्वजनिक मत रुजू करीत असे.

अशा या गृहस्थाच्या नशिबी दरसाल एकच दुःख ठेवलेले होते. मोसमाच्या अखेरीस दोन्ही लीगांच्या विजेत्यांत जी वर्ल्ड सिरीज होते तिच्यात १९४१, १९४७, १९४९, १९५२ आणि १९५३ अशी पाच वेळा त्याच्या भणंगांची गाठ त्याच शहरातील गर्भश्रीमंत यांकी संघाशी पडली, आणि पाचही वेळा यांकींनी त्यांना धूळ चारली. 'पुढच्या वर्षी पाहून घेऊ' हे वाक्य ब्रुकलिनमध्ये त्या काळी कोणाच्या सांत्वनासाठी नव्हे, तर नमस्काराच्या जागी वापरले जाई.

परंतु पराभव ही काही ब्रुकलिनकराची खरी तक्रार नव्हे. वर्षानुवर्षे यांकींच्या जो डिमॅजिओसारख्या मातब्बराकडून मार खाताना, एका वडीलधाऱ्या शत्रूचा योग्य तो मान राखला जात आहे, असे तो स्वतःला समजावीत असे. आणि १९५१ च्या अखेरीस डिमॅजिओ निवृत्त झाला तेव्हा हे संकट आता नैसर्गिक कारणांनी टळले, अशी त्याची भाबडी समजूत झाली. ती जेमतेम एक वर्षही टिकली नाही. डिमॅजिओच्या मोकळ्या झालेल्या जागेवर, मैदानाच्या मध्यभागी, ओक्लाहोमातील कॉमर्स नावाच्या गावचे मिकी मँटल नामक एक पोरगे उभे राहिले. मानेने बैलासारखे, बोलण्यात नव्या नवरीइतके लाजाळू, आणि उजव्या व डाव्या दोन्ही बाजूंनी सारख्याच निर्दयतेने बॅट चालविणारे. लहानपणी उजवखुरा बाप आणि डावखुरा आजोबा या दोघांनी त्याला आळीपाळीने चेंडू टाकून ही विद्या शिकविली होती. ब्रुकलिनकराच्या मते हा गृहोद्योग कायद्याने बंद व्हावयास हवा होता, कारण डावऱ्या बॅटवाल्यापुढे डावरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, आणावा हे जे बेसबॉलमधील सनातन शास्त्र, ते या पोरापुढे निष्फळ ठरे. आपण पिचर बदलावा, तर त्याने निमूटपणे बाजू बदलावी.

१९५२ च्या सिरीजमध्ये वीस वर्षांच्या या मुलाने सहाव्या सामन्यात डॉजर्सचा पिचर बिली लोज याचा चेंडू कुंपणापार भिरकावला, आणि सातव्या व निर्णायक सामन्यात बरोबरी असताना त्यांच्याच जो ब्लॅकच्या चेंडूचीही तीच गत केली; दोन्ही वेळा एबेट्स फील्डमध्ये, म्हणजे ब्रुकलिनकराच्या ओसरीवर. त्याच सहाव्या सामन्यात जमिनीवरून सरपटत आलेला एक चेंडू लोजच्या पायाला लागून निसटला, तेव्हा तो सूर्यामुळे दिसला नाही अशी कैफियत त्याने पुढे दिली. चेंडू जमिनीवर आणि सूर्य आकाशात असताना हे कसे घडावे, हा प्रश्न अमेरिकेतील इतर सर्वांना पडला. ब्रुकलिनकराला तो पडला नाही. त्याने यांकींच्या मदतनिसांच्या यादीत सूर्याचे नाव चढविले आणि मँटलच्या प्रकरणाचे दप्तर उघडले.

त्या दप्तरात काय काय होते! पहिली हरकत कुंपणाची. यांकी स्टेडियमचे उजवे कुंपण कोपऱ्यात अवघ्या २९६ फुटांवर आहे, तेथून होमरन, म्हणजे कुंपणापारचा फटका, मारणे हा पुरुषार्थ नव्हे, असे तो ठासून सांगे. एबेट्स फील्डचे उजवे कुंपण २९७ फुटांवर होते आणि त्याचा स्वतःचा लाडका डावखुरा ड्यूक स्नायडर त्याच कुंपणावरून चेंडू पलीकडच्या रस्त्यावर पाठवीत असे, हे निदर्शनास आणून दिल्यास तो त्या एका फुटाच्या नैतिक महत्त्वाविषयी बोलू लागे. दुसरी हरकत प्रकृतीची. शाळेत असताना फुटबॉलमध्ये लाथ लागून मँटलच्या घोट्याच्या हाडाला असा विकार जडला होता की कोरियाच्या युद्धकाळी लष्कराने त्याला नापास केले. आता जो तरुण बंदूक घेऊन चालण्यास असमर्थ, तो बॅट टाकून पहिल्या बेसकडे हरणासारखा धावतो कसा? या प्रश्नावर साऱ्या देशाने त्या पोराला यथेच्छ शिव्या घातल्या, त्यामुळे ब्रुकलिनकराला त्यात म्हणावी तशी गोडी राहिली नाही. सामुदायिक शिव्यांत आपला स्वतंत्र सूर ऐकू येत नाही.

खरी रंगत आली ती मोजणीच्या प्रकरणात. १७ एप्रिल १९५३ रोजी वॉशिंग्टनच्या ग्रिफिथ स्टेडियमवर मँटलने चक स्टॉब्स या पिचरचा चेंडू असा टोलविला की तो मैदान सोडून वस्तीत जाऊन पडला, आणि ५६५ फूट हे अंतर दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत झळकले. ब्रुकलिनकराने चौकशी केली तेव्हा असे आढळले की, चेंडू वाटेत एका फलकाला चाटून गेला होता, आणि हे अंतर ठरविणारा रेड पॅटरसन हा यांकींचाच प्रसिद्धी-अधिकारी होता. वादीच्या कारकुनाने वादीच्या जमिनीची मोजणी करावी आणि तीच सरकारदरबारी ग्राह्य धरली जावी, हा अन्याय सांगताना त्याचा कंठ दाटून येई. पुढे १९५४ साली हाच पॅटरसन यांकींची चाकरी सोडून डॉजर्सच्या नोकरीस लागला. त्या दिवसापासून हा मनुष्य सत्यवचनी असल्याचे ब्रुकलिनकर मानू लागला. फक्त त्याच्या पूर्वायुष्यातील ती एक मोजणी तेवढी त्याने नामंजूर ठेवली.

या सर्व हरकतींच्या तळाशी जी एक होती ती मात्र दप्तरात कधी लिहिली गेली नाही. यांकी म्हणजे श्रीमंतांचा, उद्धटांचा, कडक इस्त्रीचा संघ, आणि आपण कष्टकऱ्यांचे, ही ब्रुकलिनकराची सनद होती. तिच्या बळावर तो प्रत्येक पराभव पचवीत आला होता. आणि हे पोर निघाले शिसे-जस्ताच्या खाणीत राबणाऱ्या मजुराचे, ज्याचा बाप पोराची ब्रुकलिनविरुद्धची ती सिरीज पाहण्यापूर्वीच, १९५२ च्या मे महिन्यात, चाळिशीत वारला. ब्रुकलिनकराला हे सर्व ठाऊक होते. त्या पोराने न्यायाने आपल्याकडे जन्म घ्यावयाचा, तो वाट चुकून सावकाराच्या घरी गेला, असे काहीसे त्याला वाटत असावे. मात्र तो विषय निघाला की तो बिअरचा पेला उचलून हवामानाकडे वळे.

देवाच्या दरबारातही त्याची तारांबळ उडाली होती. स्वतःचा सज्जन धिप्पाड मोहरा गिल हॉजेस याला १९५२ च्या सिरीजमध्ये २१ प्रयत्नांत एकही हिट साधली नाही, आणि ते अपयश पुढच्या मोसमातही त्याची पाठ सोडीना, तेव्हा ब्रुकलिनच्या एका धर्मगुरूने, आज प्रवचनास उकाडा फार आहे, घरी जा आणि हॉजेससाठी प्रार्थना करा, असे भाविकांना सांगितले होते. ब्रुकलिनकराने या अर्जासोबतच मँटलविरुद्धचा दुसरा अर्ज जोडून दिला. पैकी पहिला मंजूर झाला आणि हॉजेस सुधारला. दुसऱ्याचा निकाल ४ ऑक्टोबर १९५३ रोजी लागला. सिरीजच्या पाचव्या सामन्यात, एबेट्स फील्डमध्येच, तिन्ही बेसांवर यांकींचे गडी उभे असताना डॉजर्सचा कोवळा पिचर जॉनी पोड्रेस याला काढून रस मायरला आणण्यात आले, आणि मायरच्या पहिल्याच चेंडूवर मँटलने चार धावा एकदम वसूल केल्या. दुःख त्याचेही नव्हते. चेंडू गेला तो डाव्या बाजूच्या वरच्या सज्जात! उजव्या कुंपणाविषयी इतक्या परिश्रमाने तयार केलेली कैफियत त्या एका फटक्याने मुदतबाह्य झाली.

बरोबर दोन वर्षांनी, ४ ऑक्टोबर १९५५ रोजी, त्याच पोड्रेसने यांकींना एकही धाव न देता सातवा सामना जिंकून दिला, आणि ब्रुकलिनकराचे 'पुढचे वर्ष' एकदाचे उगवले. त्या सिरीजमध्ये मँटल पायाच्या दुखापतीमुळे जेमतेम तीन सामन्यांत उतरू शकला होता. ही गोष्ट विजयोत्सवात कोणी काढू नये असा अलिखित हुकूम होता. तरीही मध्यरात्रीनंतर एखादा ब्रुकलिनकर स्वतःच खालच्या आवाजात विचारी, 'पोरगं धड असतं, तर?' आणि शेजारचे चारजण त्याला बाहेर घेऊन जात. १९५६ साली ते पोरगे धड होते. त्याने मोसमात ५२ होमरन मारले आणि सिरीज पुन्हा यांकींनी नेली. याहून अधिक तपशील ब्रुकलिनकरासमोर उच्चारण्यात अर्थ नाही.

मग १९५७ च्या अखेरीस मालकांनी संघच उचलून कॅलिफोर्नियात नेला. ज्याचा स्वतःचा संघ तीन हजार मैलांवर गेला त्याने शत्रूचे दप्तर बंद करावे हे व्यवहाराला धरून झाले असते, परंतु ब्रुकलिनकर रोज सकाळी वृत्तपत्र उघडून मँटलच्या नावापुढील आकडे आधी पाही, आणि त्यात शून्य दिसले की त्याच्या कॉफीला चव येई. अशातच त्याच्या कानावर आले की यांकी स्टेडियममध्ये खुद्द यांकींचेच प्रेक्षक, हा डिमॅजिओ नव्हे म्हणून, मँटलची हुर्यो उडवितात. वर्षानुवर्षे ज्या वतनावर आपली एकट्याची मिरास, तेथे या आयतोबांनी परभारे हक्क सांगावा, हे त्याला सहन होईना. न्हाव्याच्या दुकानात, अर्धी दाढी झालेली असताना, तो उठून उभा राहिला आणि रेडिओकडे बोट दाखवून गरजला, 'अरे, एका पायावर खेळतो आहे तो! तुम्हाला बेसबॉलमधलं कळतं काय?' दुकानातील सारी मंडळी त्याच्याकडे पाहू लागली, तेव्हा तो पुन्हा खुर्चीत बसला, आणि २९६ फुटांच्या कुंपणाची गोष्ट त्याने मुळापासून सांगावयास घेतली.