खोडकर कुणाला म्हणायचं?

मराठीत व्रात्यपणाला विशेषणं भरपूर. खोडकर, खट्याळ, द्वाड, वात्रट, मिश्कील. कोणतं कुणाला लावायचं, हे मात्र खोडीवर नाही, खिशावर ठरतं.

चिंचणीच्या किनाऱ्यावर सुरूच्या बागेपलीकडे शहरातली मंडळी मोटार थेट ओल्या वाळूत घालतात, गरागरा वळवून वाळू उडवतात. हे 'हौशी पर्यटक'. भरती चढते, चाकं रुततात, आणि दोरखंड घेऊन धावतो तो गावातला पोरगा, ज्याला शाळेने कधीच 'उनाड' ठरवून टाकलंय. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. वाडीत शिरून तोच चिकू पाडणाऱ्याला मिळतं ते 'द्वाड'. वाडीमालकाच्या नातवाने पाडला, तर "भारी खट्याळ हो आमचा!"

वात्रटाचं नशीब तर बघा. शाळेत हा शब्द निघाला की पालकांना बोलावणं येतं. मंगेश पाडगावकरांनी 'वात्रटिका' नावाने संग्रहच काढला, आणि वात्रटपणाला कविसंमेलनात खुर्ची मिळाली. मुलींच्या वाट्याला 'अवखळ', तेही लग्नापर्यंतच. पुढे तीच 'आगाऊ'.

पुढाऱ्याने विरोधकाची टवाळी केली की बातमीत हमखास 'मिश्कील टिप्पणी'. एकाच रस्त्याच्या भूमिपूजनाचा नारळ दोनदा फोडणाऱ्याला मात्र अजून कुणी खोडकर म्हटलेलं नाही. पावसाळ्यात अशाच रस्त्याने बोईसरहून चिंचणीला रिक्षाने या. चांगली चार विशेषणं सुचतील, छापण्याजोगं त्यांत एखादंच.