नेट कुठं अडकलाय?

वडखळच्या माणसाला वाहतूक कोंडीचं निदान शिकवावं लागत नाही. एसटी वेळेवर आली नाही की चहाच्या टपरीवरचा कुणीही, रस्त्याकडे पाठ करून, बशीतला चहा न सांडता कारण सांगतो. शनिवारी सकाळी खोळंबा झाला तर अलिबागला निघालेले मुंबईकर. रात्री झाला तर डोलवीच्या पोलाद कारखान्याचे ट्रेलर. गौरी-गणपतीच्या आधी झाला तर कारण विचारणाराच परगावचा समजावा. गडबला अडकलंय, कासूला अडकलंय की नागोठण्याच्या पुढे, हे आमच्याकडे पोरंसोरंही सांगतात.

पण ह्याच गावात ब्राउझरमध्ये एखादं पान उघडलं नाही की सगळ्यांचं निदान एकच: "नेट गेला." आणि औषधही एकच: राउटर बंद करून चालू करा.

ब्राउझर बिचारा दर वेळी घोडं कुठं पेंड खातंय ते स्वच्छ लिहून देतो. इंग्रजीत देतो, मोठ्या अक्षरांत देतो, शब्दाशब्दांमध्ये तळाला आडव्या रेघा मारून देतो, त्यामुळे ते वाचण्याआधीच माणूस घाबरतो हे मान्य. पण देतो. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण करणाऱ्यांनी कधी एवढ्या प्रामाणिकपणे फलक लावल्याचं मला तरी आठवत नाही.

आमच्या आळीत मी कॉम्प्युटरमधला जाणकार समजला जातो. कधी काळी एकाचा प्रिंटर चालू करून दिला होता, त्याची ही जन्मठेप. त्यामुळे संध्याकाळी दारात कुणीतरी मोबाईल समोर धरून उभं असतं. शेजारचे नाना तर चप्पलही काढत नाहीत, उंबऱ्यातूनच विचारतात, "नेट कुठं अडकलाय रं?" नाना मिठागरावर आयुष्य काढलेले. भरती-ओहोटीची वेळ चुकत नाही, पण वायफायची चुकते, ह्याचा त्यांना मनापासून राग आहे.

नानांना मी नाक्यावरूनच समजावलं. मुंबईहून आलेल्या गाडीला वडखळला दोन वाटा फुटतात. सरळ गेलं की नागोठणं, महाड, पुढे गोवा. उजवीकडे वळलं की धरमतरचा पूल, पोयनाड, अलिबाग. नवखा ड्रायव्हर काच खाली करून पानवाल्याला विचारतो, "अलिबाग?" पानवाला चुना लावलेलं बोट उजवीकडे करतो. इंटरनेटवरचा हा पानवाला म्हणजे डीएनएस. आपण साईटचं नाव लिहितो, यंत्राला हवा असतो आकडा. नाव सांगितलं की आकडा सांगायचा, एवढंच त्याचं काम. पूर्वी अमेरिकेत अख्ख्या जाळ्यातल्या यंत्रांची नावं आणि आकडे एकाच फाईलमध्ये असत आणि एक संस्था ती सांभाळत असे. गर्दी वाढली, ते जमेना, म्हणून १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस ह्या गृहस्थानं डीएनएसची रचना केली आणि ठिकठिकाणी पानवाले बसले.

"मंग पानवाला जेवाया गेला तर?"

नानांचा प्रश्न इतका बिनचूक होता की मी खुर्ची पुढे केली. पानवाला जेवायला गेला की 'डीएनएस प्रोब' अशी सुरुवात असलेली पाटी येते. तिच्या शेवटी 'एनएक्सडोमेन' असेल तर पानवाला जागेवर आहे, पण म्हणतोय की ह्या नावाचं गावच नाही. तेव्हा आधी आपण गावाचं नाव नीट लिहिलंय का ते बघावं. दहातल्या सात वेळा... नको, आकडा कुठून आणू? पुष्कळदा टिंब राहिलेलं असतं. नाव बरोबर असूनही तो हेका सोडत नसेल, किंवा टपरीच बंद असेल, तर दुसऱ्या पानवाल्याला विचारावं. सेटिंगमध्ये जाऊन डीएनएसच्या जागी ८.८.८.८ लिहिलं की गूगलचा पानवाला, १.१.१.१ लिहिलं की क्लाउडफ्लेअरचा. पहिला २००९ पासून बसलाय, दुसरा २०१८ च्या एक एप्रिलपासून. तारीख एप्रिल फूलची असली तरी रस्ता बरोबर सांगतो.

पुढचं नानांना मी न सांगताच कळत गेलं. 'कनेक्शन टाइम्ड आउट' म्हणजे पत्ता मिळाला, गाडी सुटली आणि गडबच्या आसपास गडप झाली. पलीकडून ना होय ना नाही. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे पोचलो, पण पाहुण्यांनी तोंडावर दार लावलं. 'रिसेट' म्हणजे आत घेतलं, पाणी दिलं आणि बोलता बोलता उठवलं. पाचशेदोन म्हणजे फाटकावरचा शिपाई भेटला, पण आतल्या साहेबाकडून त्याला धड उत्तर मिळेना. आणि चारशेचार म्हणजे रस्ता नीट, दार उघडं, माणसं हजर. फक्त आपण मागतो तो कागद तिथे नाही. चारशेचारची पाटी दिसणं हाच नेट ठणठणीत असल्याचा पुरावा, कारण ती पाटी पलीकडच्या यंत्रानं पाठवलेली असते. तरी चारशेचार दिसल्यावर राउटर बंद करणारी घरं आमच्या आळीत आहेत. मी नावं घेत नाही, उद्या त्यांच्याकडे साखरपुड्याचं जेवण आहे.

राउटर बंद-चालू करणं हा अगदीच अडाणीपणा आहे असंही नाही. त्यात अडकलेला जुना हिशेब पुसला जातो, नवा पत्ता मिळतो, जोडणी पहिल्यापासून होते. किती वेळ बंद ठेवायचा ह्यावर मात्र पंथ आहेत. अर्धा मिनिट म्हणणारे शास्त्रीय. आमच्या समोरच्या वहिनी बटण बंद करून चहा टाकतात, गाळतात, पितात, कप विसळतात आणि मग चालू करतात. त्यांचं नेट येतं. शास्त्रीय पंथाचं येतंच असं नाही.

राउटरशेजारच्या डबीवर लाल दिवा लुकलुकत असला तर ब्राउझरचा, पानवाल्याचा आणि वहिनींच्या चहाचाही काही इलाज नाही. लाल दिवा म्हणजे फायबर तुटली. आणि महामार्गालगतच्या गावात फायबर कोण तोडतं हे विचारायचं नसतं. पनवेल ते इंदापूर रस्ता रुंद करायला २०११ मध्ये घेतला, तेव्हापासून कुठे ना कुठे जेसीबीची सोंड जमिनीत असतेच. मग केबलवाला पोऱ्या स्प्लायसिंगची पेटी मोटरसायकलच्या टाकीवर ठेवून येतो, भर पावसात डोक्यावर प्लास्टिक धरून केसाएवढ्या काचेच्या तारेला जॉइंट मारतो, आणि आम्ही वर उभं राहून "अजून किती वेळ?" म्हणून त्याला मदत करतो.

त्या पोऱ्यानं आमच्या शिव्या सर्वांत जास्त विनाकारण खाल्ल्या त्या ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री. फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम सगळं एकदम गप्प. त्याचा फोन सारखा वाजतोय, तो शपथा घेतोय की लाल दिवा कुठेच नाही, आणि कुणाचाच विश्वास नाही. झालं होतं ते असं, की देखभाल करताना एक चुकीची आज्ञा गेली आणि फेसबुकनं आपल्याच गावाकडे जाणाऱ्या दिशादर्शक पाट्या जगभरच्या नाक्यांवरून स्वतः उतरवल्या. सहाएक तास लागले त्या परत लावायला. दुरुस्ती करणाऱ्या त्यांच्याच लोकांना आपल्या इमारतींत शिरताना अडचण आली, कारण तिथली यंत्रणाही त्याच जाळ्यावर. हे मी दुसऱ्या दिवशी आळीत समजावून सांगितलं. "म्हंजे नेट गेला व्हता," नाना म्हणाले.

सगळ्यांत मजा आली ती त्यांच्या नातवाच्या जुन्या कॉम्प्युटरची. एकही साईट उघडेना. ब्राउझर म्हणे, तुमचं घड्याळ मागे आहे. बघतो तर कोपऱ्यात तारीख १ जानेवारी २००९. आतला नाण्याएवढा सेल संपला होता, त्यामुळे यंत्र बंद केलं की तारीख विसरायचं. साईटच्या ओळखपत्रावर 'अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत' असं लिहिलेलं असतं. २००९ मध्ये बसलेल्या यंत्राला ती ओळखपत्रं अजून जन्मायचीच होती, म्हणून त्याला सगळं जग तोतया वाटत होतं. सीआर२०३२ नावाचा सेल आणून बसवला, तारीख लावली, जग खरं झालं. मला मात्र तारीख बदलताना किंचित वाईट वाटलं. त्या यंत्राच्या हिशेबानं महामार्गाचा नंबर अजून सतराच होता आणि रुंदीकरणाला हात लागलेला नव्हता.

नातवाला ह्यात काहीच रस नव्हता. नेट पूर्ण गेलं की क्रोममध्ये डायनासोर येतो, काटेरी निवडुंगांवरून उड्या मारतो, एवढंच त्याचं नेटशी नातं. २०१४ पासून तो डायनासोर तिथे आहे. नेट नसलेला काळ म्हणजे डायनासोरांचा काळ, असा तो विनोद. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ धडकलं, खांब आडवे झाले, तेव्हा आमच्याकडे विनोद बाजूला पडून काळच आला होता. डायनासोरच्या उड्यांचा हा खेळ पार संपवायचा तर साधारण एक कोटी सत्तर लाख वर्षं लागतील, असं करणाऱ्यांनी सांगून ठेवलंय. नातवानं विचारलं, तोवर रस्ता होईल का? मी पोराला खोटं आश्वासन देत नाही.

परवा नाना एका कचेरीत जुना उतारा मागायला गेले होते. दुपारी परत आले, उंबऱ्यात उभे राहिले, चप्पल काढली नाही. झालं का काम, म्हटलं.

"रस्ता मोकला. दार उघडा. साहेब खुर्चीत, वर पंखा चालू. कागद नाय. चारशेचार."

मग उद्या पुन्हा जा, म्हटलं.

"जाऊन काय कराचा? राउटर बंद करून चालू कराचा?"